तीन वर्गांत बसलेली ऋतुजा

रजियाला लोक आवाजानं ओळखायचे. उदगीरच्या बाजारात ती वांगी निवडत असली की शेजारची एखादी अनोळखी मुलगी दचकून वर बघायची. "तुम्ही कॉलेजच्या मॅडम ना? त्या ‘आज आला नाहीत’वाल्या?" रजिया मान हलवायची. मग ती मुलगी तिथंच, हातात कोथिंबिरीची जुडी धरून, गेल्या आठवड्यात का आली नव्हती ते सांगू लागायची. रजिया ऐकून घ्यायची. कधी कधी तिला वाटायचं, आपण या गावात राहत नाही, नुसत्या ऐकू येतो.

कॉलेजच्या पाटीवरचं नाव लांबलचक होतं. गावात सगळे त्याला ‘कम्युनिटी’ म्हणत. धान्याच्या एका जुन्या गोदामात प्लायवूडच्या भिंती घालून वर्ग केले होते. शिवणकाम, रुग्णसेवा, संगणकावरचा हिशेब, वायरिंग. एका वर्गात मशीन चालू झालं की दुसऱ्या वर्गातला फळा थरथरायचा. तुरीचा वास अजून गेला नव्हता. दुपारी उन्हाची तिरीप आत आली की त्या वासासकट धूळ वर उठायची, आणि पोतीच पोती रचलेली असावीत असा भास व्हायचा. मुली-मुलं देवणीकडून, निलंग्याकडून यायची. जुलैत भरभरून यायची आणि दिवाळीनंतर एकेक करून दिसेनाशी व्हायची. भांडण नाही, निरोप नाही. सुगीला गेली, मामाच्या गावाला गेली, गेली.

ती दिसेनाशी होण्याआधी धरावीत म्हणून कॉलेजनं सीआरएम घेतलं होतं. ते मुळात दुकानदारांसाठी बनलेलं सॉफ्टवेअर. कुठलं गिऱ्हाईक कधी आलं, काय म्हणालं, कधीपासून फिरकलं नाही, ते सांभाळणारं. इथं गिऱ्हाईकाच्या जागी विद्यार्थी होता. प्रत्येक नावापुढं एक गोल. येणाऱ्याचा हिरवा, रेंगाळणाऱ्याचा पिवळा, गळायला आलेल्याचा लाल. रजियाचं काम पिवळ्यांना फोन करायचं. लाल व्हायच्या आत.

घरी तिचे अब्बा, खाजामियाँ, पत्र्याच्या पेट्या बनवायचे. आता पेट्या कुणी घेत नसे. तरी ते रोज दुकान उघडून बसत.

"दिनभर करती क्या तू वहाँ?" ते विचारत.

"बातां करती."

"बातां करने के पैसे मिलते?"

"मिलते."

"तेरी अम्मी होती तो अमीर हो जाती." आणि ते एकटेच हसत बसायचे.

काही वर्षं रजिया बीदरला नांदून परत आली होती. त्याविषयी घरात कुणी बोलत नसे. मग हैदराबादला एका फोन कंपनीत मराठी गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायचं काम तिनं केलं. तिथं तिला एक सवय लागली. समोरच्याच्या आवाजाला ती मनातल्या मनात घर बांधून द्यायची. खोकला आला की ओसरी, भांडं वाजलं की चूल, मूल रडलं की दोरीवरची झोळी. फोन संपला की घर विरघळायचं.

ऋतुजाचं घर मात्र विरघळलं नाही.

त्याचं कारण असं. जुलैत प्रवेशाची झुंबड होती तेव्हा पडद्यावर पुन्हा पुन्हा एक चौकट यायची. हा नंबर आधीच नोंदलेला आहे, दोन्ही नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत का? सॉफ्टवेअर शिकवायला पुण्याहून आलेला पोरगा सांगून गेला होता, "मॅडम, एका नंबरावर दोन नावं म्हणजे एकीनंच दोनदा फॉर्म भरलाय. सरळ ‘एक करा’ दाबायचं." रजियानं दाबलं. देवणीच्या अलीकडच्या एका वाडीचा नंबर असा दोनदा आला, दोन्ही वेळा तिनं दाबलं. पहिल्यांदा भरलेलं नाव उरलं, ऋतुजा. पुढं तीन अभ्यासक्रम लागले. इथं दोन-तीन अभ्यासक्रम एकदम घेता येत, त्यामुळं रजियाला नवल वाटलं ते एवढंच, की ही मुलगी दमत कशी नाही.

ऋतुजाचा गोल कधी पिवळा झाला नाही. तिच्या नंबरावर निरोप गेला की उत्तर आलंच. ‘हाव. सांगतो.’ फोन केला की एक पुरुषी आवाज ओरडायचा, मागं पट्ट्याचा घरघराट.

"हॅलो! गुरुलिंग बोलायलोय! गिरणी चालू हाय, जोरात बोला!"

"काका, ऋतुजा आहे का?"

"कालेजलाच गेली की!"

किंवा, "आताच दळण घेऊन गेली!" किंवा, "सांगतो, सांगतो, तुमी ठेवा!"

त्या घरघराटातून रजियानं मुलगी घडवली. सकाळच्या धुक्यात वाडीच्या फाट्यावर उभी असलेली. अंगावर पिठाची बारीक पांढरी साय. एका वर्गात ती ब्लाउजचा गळा कापते, त्याच वेळी दुसऱ्या वर्गात कुणाच्या तरी दंडावर रक्तदाबाची पट्टी बांधते, त्याच वेळी तिसऱ्या वर्गात पडद्यावर खर्चाचे आकडे मांडते. हजेरीच्या वेळा एकमेकींवर चढत होत्या, हे रजियाला दिसत होतं. तिनं ते यंत्राच्या घड्याळावर ढकललं. खरं सांगायचं तर तिला ते खोडायचं नव्हतं. माणूस एकाच जागी असतो, हे तिला आयुष्यानं पुरेसं शिकवलं होतं. एखादी तीन जागी असेल तर असू दे. रिकाम्या दुपारी, फोन संपल्यावर, ती त्या हिरव्या गोलाकडं बघत बसायची. जत्रेत हरवलेल्या माणसाला लांबून आपली मशाल दिसावी तसं तिला वाटायचं. चेहरा मात्र कधी दिसला नाही. तिची खिडकी रस्त्याच्या बाजूला होती, आणि मुली मागच्या दारानं, जीपच्या थांब्यावरून यायच्या.

डिसेंबरात लातूरच्या एका खासगी दवाखान्यानं रुग्णसेवेच्या वर्गातून मुली मागवल्या. वर्षभराचं प्रशिक्षण, राहण्याची सोय, नंतर तिथंच काम. कॉलेजनं सीआरएममधून नावं काढून पाठवायची, आणि प्रत्येक नावासोबत घरच्या माणसाचा नंबर. दवाखाना स्वतः फोन करून घरच्यांची हो-नाही विचारणार होता. यंत्रानं काढलेल्या नावांत सगळ्यांत वर ऋतुजा होती.

रजियानं आनंदानं गिरणीला फोन लावला. "काका, ऋतुजाला उद्या आधार कार्ड घेऊन माझ्याकडं पाठवा. लातूरला नंबर लागलाय तिचा."

"लातूरला? आरं वा! पाठवतो!"

दुसऱ्या दिवशी खिडकीसमोर दोन मुली उभ्या राहिल्या. पुढची गोल चेहऱ्याची, घाबरलेली. मागची उंच, ओठ घट्ट मिटलेली.

"मी ऋतुजा," पुढची म्हणाली. "पण मॅडम, मला लातूरला कशाला? मी ब्लाउज शिवते. मला रक्त बघितलं की चक्कर येती."

रजिया तिच्याकडं बघत राहिली. तिनं घडवलेल्या मुलीशी हा चेहरा कुठूनच जुळत नव्हता.

"मग रुग्णसेवेला कोण बसतं?"

"मी," मागची म्हणाली. "उज्वला. किशनरावांची. आणि कम्प्युटरला शिवलीला बसती. ती आज आली न्हाई."

"पण तुझं नाव तर..."

"पहिल्या दिवशी सगळ्यांची नावं घेतली, माझं आलंच न्हाई. शेवटाला एकच नाव उरलं. सर म्हणले, ऋतुजा तूच ना? मी म्हणलं, हाव."

"हो का म्हणालीस? तुझं नाव उज्वला आहे ना?"

उज्वलाला हा प्रश्न विचित्र वाटला असावा. "गुरुलिंगकाकाला विचारलं आमी. काका म्हणले, कालेजनं वाडीचं एकच नाव लिवलंय, हाक मारली की हाव म्हणायचं. कागदावर नाव चुकतंच की, मॅडम."

तिघींपैकी कुणाचीच यात तक्रार नव्हती, हे मागून समजलं. नाव चुकणं हे त्यांना कागदाच्या स्वभावासारखं वाटत होतं. चुकलेलं नाव दुरुस्त करायचं तर तहसीलला खेटे. त्यापेक्षा चुकलेल्या नावाला ओ द्यायला शिकणं सोपं. शिकवणारे सर तासावर येणारे, दर दोन महिन्यांनी बदलणारे. जुलैपासून तीन वर्गांत तीन मुली एकाच नावाला हाव म्हणत बसल्या, आणि त्या हाव-हावमधून एक चौथी मुलगी उगवली होती. ती फक्त रजियाला माहीत होती.

"मॅडम," उज्वला हळूच म्हणाली, "लातूरला ऋतुजाच्या नावानं जाता येतं का?"

"नाही ग. आधार लागतं."

"मग?"

खिडकीच्या गजाला तिनं दोन्ही हातांनी धरलं होतं. नखं बारीक कापलेली होती, वर्गात शिकवतात तशी.

कार्यालयाचे प्रमुख दयानंद सर. त्यांनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "शेख मॅडम, मी वरच्या बैठकीत सांगून आलोय, आपल्याकडं एक मुलगी एका वेळी तीन कोर्स करते! टाळ्या वाजल्या!"

"सर, चूक माझी आहे. मीच एक केलं."

"आता वेगळं करा."

सॉफ्टवेअरच्या कंपनीला फोन लावला. कंपनीचा पोरगा म्हणाला, एक केलेलं पुन्हा वेगळं होत नाही. नवीन नोंद करा, हजेरी सरांच्या सहीनं चढवा. फक्त नंबर नवीन लागेल. एका नंबरावर एकच व्यक्ती.

"घरचा दुसरा नंबर सांग," रजिया उज्वलाला म्हणाली.

उज्वलानं मान हलवली. "आमच्याकडं पोरीच्या कागदावर घरचा नंबर देत न्हाईत. गिरणीचाच देतात. आप्पा देणार न्हाईत, मॅडम."

नावं दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जायची होती. रजियानं डब्याचं झाकण लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा फोन न करता निघाली.

जीप देवणीच्या रस्त्याला लागली तेव्हा ऊन मऊ झालं होतं. दोन्ही बाजूंना हरभरा, मधूनच तुरीच्या पिवळ्या ओळी. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या गाई रस्त्यात उभ्या होत्या, हॉर्न वाजवला तरी हलत नव्हत्या. ऋतुजा आणि उज्वला समोरच्या बाकावर एकमेकींना टेकून बसल्या होत्या. रजियाला वाटलं, आपण एका स्वप्नाच्या मागच्या बाजूला आलो आहोत, जिथं ते शिवलेलं दिसतं. टाके, गाठी, सुटलेले दोरे.

गिरणीचा घरघराट वाडीच्या आधी आला. तो तिच्या इतका ओळखीचा होता की डोळे मिटून ती तिथवर चालत गेली असती. दारात एक ठेंगणा माणूस उभा, भुवया, मिशा, कानावरचे केस सगळं पांढरं. पिठानं की वयानं, ते कळत नव्हतं. रजियानं "काका" अशी हाक मारली. तो थबकला आणि त्यानं पट्टा बंद केला. सगळ्या वाडीवर अचानक शांतता पडली.

"कालेजच्या बाई!" तो आनंदानं ओरडला. शांततेतही तो ओरडूनच बोलत होता. "मला वाटलं तुमी म्हाताऱ्या असाल!"

बायका हसल्या. दळणाचे डबे घेऊन चार-पाच जणी बसल्या होत्या.

रजियानं सगळं सांगितलं. गुरुलिंगनं लक्ष देऊन ऐकलं. "माझ्या रेशन कार्डावर गुरुसिंग लिवलंय," तो म्हणाला. "म्हणून काय मी नांदेडला राहायला जाऊ? का गहू घ्यायचा सोडू? म्हणून पोरींना म्हणलं, वळखीचं असो-नसो, हाक मारली की ओ द्या."

"काका, पण आता ऋतुजानं उज्वलाची जागा अडवली."

त्यानं हातावरचं पीठ झटकलं. मग त्यानं किशनरावांना बोलवायला माणूस पाठवला.

किशनराव उंच, उज्वलासारखेच ओठ मिटलेले. उभ्या-उभ्याच त्यांनी ऐकलं. "पोरगी शिकली, न्हाई म्हणलं का मी? लातूरला जाऊ द्या, तिथं माझी बहीण हाय. पण नंबर न्हाई."

"का पण?"

"एकदा शिवलीलाच्या बापानं दिलता. कुठल्या तरी क्लासच्या कागदावर. मग सुरू झालं. कर्ज घ्या, प्लॉट घ्या. एक तर म्हणला, पोरगी किती शिकली, स्थळ हाय. अनोळखी माणूस! तवापासून ठरलं वाडीचं. पोरीचा कागद म्हणलं की गिरणीचा नंबर. गिरणीत कुणी काय बी बोललं तरी ऐकू येत न्हाई."

पुन्हा हशा झाला. रजिया हसली नाही. हैदराबादला तिच्या शेजारच्या खुर्च्यांवर बसून मुली असेच नंबर फिरवायच्या, दिवसभर, कुणाकुणाच्या घरी. हा माणूस चुकीचं बोलत नव्हता.

"माझाच फोन येईल," ती म्हणाली. "आणि दवाखान्याचा."

"उद्या तुमी न्हाई राहिल्या त्या खुर्चीत, मग?"

रजियानं वळून पाहिलं. उज्वला गिरणीच्या भिंतीला लागून उभी होती. ती वडिलांकडं बघत नव्हती, रजियाकडंही नाही. जात्याच्या तोंडातून अडकलेलं थोडं पीठ अजून सांडत होतं, त्याकडं बघत होती.

"दुधाचा नंबर लिवा," एक बाई म्हणाली.

ती डब्यावर बसलेली होती. उज्वलाची आई, सिंधु. आतापर्यंत ती हसणाऱ्यांतली एक होती.

किशनराव वळले. "कुठला?"

"माझा. डेअरीवाल्यानं दिल्याला." तिनं कमरेच्या पिशवीतून एक बटणांचा छोटा फोन काढला. दूध घालायचं खातं तिच्या नावावर होतं, आणि रोज सकाळी त्यावर डेअरीचा निरोप यायचा: दूध किती, फॅट किती.

"दुधाच्या नंबरावर कालेज?" किशनराव म्हणाले.

"गाईची खबर येती रोज. लेकीची आली तर काय फोन जळतोय का?"

"आन् भलत्याचा फोन आला तर?"

"आला तर आला. शिव्या मला बी येतात." बायका खो-खो हसल्या. सिंधु हसत नव्हती. "पोरगी लातूरला ऱ्हायली तर मला काय गिरणीत येऊन विचारावं लागंल का, माझी लेक जेवली का म्हणून? गुरुलिंगभाऊ, राग मानू नगा."

"मी कशाला राग मानू," गुरुलिंग म्हणाला. त्याचा आवाज प्रथमच खाली आला होता.

किशनरावांनी एकदा त्या फोनकडं बघितलं. मग फेटा सारखा केला आणि म्हणाले, "लिवा तर लिवा. उचलायचं तिनं." आणि शेताकडं चालू लागले.

रजियानं तिथंच, आपल्या फोनवर, नवी नोंद उघडली. खातरजमेचे आकडे सिंधुच्या फोनवर आले. सिंधुला वाचता येत नव्हतं, डेअरीचा निरोपही लेकच वाचून दाखवायची. उज्वलानं आकडे एकेक करून मोठ्यानं वाचले, शाळेत पाढा म्हणावा तसे. शिवलीलाच्या घरून मात्र नंबर मिळाला नाही. ती कम्प्युटरच्या वर्गात अजून ऋतुजाच राहणार होती. उज्वलाच्या नावापुढं एक गोल उमटला, राखाडी, आत काहीच नसलेला. आणि ऋतुजाच्या नावाखालची रुग्णसेवेची ओळ रजियानं खोडली. तिनं डोळे मिटले. धुक्यातली ती मुलगी फाट्यावर उभी होती, आणि तिचा एक हात नव्हता.

परतीच्या जीपमध्ये ती काचेला डोकं टेकून बसली. बाहेर अंधुक होत चाललेल्या शेतांत कुणी ना कुणी उभं होतं, पण ती कुणालाच घर बांधून देऊ शकली नाही.

दवाखान्याच्या फोनला सिंधुनं हो म्हटलं, आणि सोमवारी सकाळी उदगीरच्या बस स्थानकात लातूरला जाणाऱ्या मुली जमल्या. दवाखान्याकडून आलेली एक परिचारिका गाडीच्या दाराशी उभी राहून नावं घेत होती. रजिया तिथं यायचं काहीच कारण नव्हतं. ती थोड्या अंतरावर, रसवंतीच्या बंद गाड्याशी उभी होती. "उज्वला किशनराव," परिचारिका म्हणाली, आणि उज्वला जोरात, लगेच, "हाव!" म्हणाली. बाकीच्या मुली हसल्या. ती पिशवी उचलून वर चढली. खिडकीत आली, पण तिनं बाहेर बघितलं नाही. शेजारच्या मुलीला सरकायला सांगत होती. तिला खिडकी हवी होती.

गाडी हलली. धूळ वर आली आणि बराच वेळ खाली बसली नाही.

रजियानं सिंधुला फोन लावला.

"कोण हाय?"

"कॉलेजची बाई. गाडी निघाली, ताई. खिडकीत बसलीय."

"खिडकीत व्हय?"

"हो. भांडून मिळवली."

"बरं झालं," सिंधु म्हणाली. फोन कसा ठेवायचा ते तिला माहीत नसावं. तो चालूच राहिला. कुठं तरी ओट्यावर ठेवला गेला असावा. बादलीची कडी वाजली. गाईनं मान झाडली, गळ्यातली घंटी क्षणभर खणखणली. दुधाची पहिली धार रिकाम्या भांड्याच्या तळाला लागली, मग दुसरी, मग त्यांचा आवाज हळूहळू भरीव होत गेला. स्थानकात माणसं रजियाला वळसा घालून जात होती. तिनं फोन कानाला लावून ठेवला.